पोट-वही: ताण आणि पचनावरच्या कामाच्या नोंदी, सातपूर-अंबड, नाशिक

६ जानेवारी २०२५, सोमवार

कामाची आखणी झाली. सातपूर आणि अंबड एमआयडीसीत पाळ्यांमध्ये काम करणाऱ्यांसाठी सहा सत्रं, दर सोमवारी एक, प्रत्येकी ७५ मिनिटं. सोबत चार आठवडे भरायची एक वही. गटात डॉक्टर, आहारतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट आणि समुपदेशक.

या कार्यक्रमाला येणारा माणूस बहुतेक वेळा दोन वाक्यं ऐकून आलेला असतो: "सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत" आणि "टेन्शन घेऊ नका". दोन्ही वाक्यं चांगल्या हेतूने म्हटलेली असतात. पण त्याच्यापर्यंत अर्थ पोचतो तो असा, की दुखणं खोटं आहे. म्हणून गटापुरता नियम ठरवला: 'मनाचे खेळ', 'काही झालेलं नाही', 'उगाच विचार करता' हे शब्द सत्रात कोणीही वापरायचे नाहीत. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे आतड्याला जखम, गाठ किंवा सूज सापडली नाही, एवढंच. आतड्याची हालचाल आणि त्याच्या नसांची संवेदनशीलता सोनोग्राफीत किंवा रक्ताच्या तपासणीत दिसत नाही.

पहिल्या सत्रात सांगायचा गाभा: अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंत आतड्याच्या भिंतीत स्वतःची मज्जासंस्था आहे, तिच्यात १० कोटींहून जास्त चेतापेशी आहेत. तिची दोन जाळी. स्नायूंच्या दोन थरांमधलं आउअरबाखचं जाळं हालचाल सांभाळतं. आतल्या अस्तराखालचं माइसनरचं जाळं पाचकरस आणि रक्तपुरवठा सांभाळतं. बेलिस आणि स्टार्लिंग यांनी १८९९ मध्ये कुत्र्याच्या आतड्यावर दाखवलं, की बाहेरून येणाऱ्या नसा तोडल्या तरी आतडं आतला ऐवज पुढे ढकलतंच. म्हणजे रोजचं काम आतडं स्वतः करतं. मेंदू वरून 'घाई कर', 'थांब', 'आत्ता नको' असे हुकूम देतो. ताणात हे हुकूम वाढतात, आणि बिघाड सुरू होतो तो तिथून.

९ जानेवारी, गुरुवार

नावनोंदणीच्या अर्जातली भाषा आज तपासली. 'पित्त' हा शब्द काढायचा नाही, पण तो तसाच लिहूनही घ्यायचा नाही. आपल्याकडे छातीत जळजळलं की पित्त, अर्धं डोकं दुखून उलटी झाली की पित्त, अंगावर गांधी उठल्या की पित्त, सकाळी दात घासताना मळमळलं तरी पित्त. पहिलं बहुधा आम्ल वर येणं, दुसरं अर्धशिशी, तिसरं त्वचेची ॲलर्जी. तिन्हींवर एकच गोळी घेतली जाते आणि मग "गोळीने फरक पडत नाही" ही तक्रार येते. म्हणून अर्जात 'पित्त होतं' याच्या खाली चौकट: नेमकं कुठे, जेवणाशी संबंध आहे का, डोकं दुखतं का, अंगावर उठतं का.

'गॅस' शब्दाचीही तीच गत. पोट फुगणं, ढेकर, वारा सरणं, बरगडीखाली टोचणं, छातीत दाब, सगळं गॅसच. यातला छातीतला दाब सर्वांत धोक्याचा. अर्जावरच ठळक छापलं: छातीत दाब किंवा आवळल्यासारखं वाटणं, सोबत घाम, धाप, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत कळ, असं असेल तर सोडा किंवा ओवा घेऊन वाट पाहत बसू नये, लगेच ईसीजी काढावा. मधुमेह्यांमध्ये आणि बायकांमध्ये हृदयविकाराचा झटका नुसत्या मळमळीने, पोटाच्या वरच्या भागातल्या अस्वस्थपणानेही येतो.

काही शब्द मात्र मदतीला येतात. 'पोटात गोळा आला', 'पोटात खड्डा पडला', 'पोटात कालवाकालव झाली', 'धसका घेतला' हे पिढ्यान्‌पिढ्या बोललं जातंय. मेंदू आणि पोट जोडलेले आहेत हे मराठी माणसाला नव्याने शिकवावं लागत नाही. पोटात गोळा येतो तेव्हा जठराच्या स्नायूंना प्रत्यक्षात काय होतं, एवढंच सांगायचं राहतं. पहिल्या सत्राची सुरुवात याच शब्दांपासून करायची.

१३ जानेवारी, सोमवार

गाळणी पक्की केली. ताणाकडे वळण्याआधी ज्यांना तपासणीला पाठवायचं, त्यांची लक्षणं:

शौचातून रक्त, किंवा डांबरासारखी काळी शौच (लोहाच्या गोळ्यांनीही काळी होते, ते आधी विचारावं). प्रयत्न न करता वजन उतरणं. झोपेतून उठवणारे जुलाब किंवा दुखणं. रोज संध्याकाळी कणकण, ताप. हिमोग्लोबिन कमी. गिळताना अडकणं. सतत उलट्या. वयाच्या पंचेचाळिशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास. घरात आतड्याचा कर्करोग किंवा आतड्याला सूज येण्याचा जुना आजार.

आपल्याकडे आतड्याचा क्षयरोग विसरून चालत नाही. तो बहुधा लहान आणि मोठं आतडं जुळतं तिथे, उजव्या बाजूला खाली बसतो. दुखणं, कधी जुलाब कधी बद्धकोष्ठ, भूक मंदावणं, वजन उतरणं. वरवर पाहिलं तर ताणाच्या पोटासारखंच चित्र, म्हणून महिनोन्‌महिने चुकतं. वजनाचा काटा सत्राच्या खोलीतच ठेवायचा, दर आठवड्याला त्याच काट्यावर, चप्पल काढून.

प्राथमिक तपासण्या डॉक्टरांनी ठरवल्या: हिमोग्राम, सीआरपी (शरीरात कुठे सूज आहे का ते दाखवणारी रक्ततपासणी), थायरॉइड, साखर, शौच तपासणी. जुलाब जास्त असतील तर गव्हातल्या ग्लुटेनने आतड्याला होणाऱ्या आजारासाठीची (सीलिॲक) टीटीजी ही रक्ताची चाचणी. ती गहू खाणं चालू असतानाच करायची. आधीच पोळी बंद केली असेल तर आजार असूनही चाचणी निर्दोष येऊ शकते.

गाळणीतून सुटलेल्यांपैकी आतडं अतिसंवेदनशील (आयबीएस) कोणाचं मानायचं, यासाठी २०१६ चे रोम निकष, म्हणजे अशा पोटाच्या त्रासांसाठी तज्ज्ञांनी ठरवलेले निकष, वापरतोय: गेल्या तीन महिन्यांत सरासरी आठवड्यातून किमान एक दिवस पोटदुखी, आणि सोबत या तीनपैकी दोन: दुखण्याचा शौचाशी संबंध, शौचाला किती वेळा होते त्यात बदल, शौचाच्या स्वरूपात बदल. त्रासाची सुरुवात किमान सहा महिन्यांपूर्वीची हवी. नुसतं पोट फुगतं, दुखत मात्र नाही, असा माणूस या निकषात बसत नाही. त्याची वाट वेगळी.

१६ जानेवारी, गुरुवार

वहीचा पहिला खर्डा. एका दिवसाला एक पान. रकाने: वेळ, काय खाल्लं, किती मिनिटांत खाल्लं, दुखणं ० ते १०, ताण ० ते १०, शौचाचा प्रकार, झोप किती तास, पाळी कोणती. बायकांच्या वहीत मासिक पाळीचा दिवस, कारण पाळीच्या तोंडावर आणि पहिल्या दिवसांत जुलाब आणि दुखणं वाढतं; तो रकाना नसेल तर सगळा दोष त्या दिवशीच्या भाजीवर जातो.

शौचाच्या प्रकारासाठी ब्रिस्टल तक्ता, सात प्रकार. चित्रं दाखवली की माणसं पान उलटतात, म्हणून ओळखीचे शब्द दिले: १ शेळीच्या लेंड्या, २ लेंड्या एकत्र चिकटून झालेला गोळा, ३ भेगा पडलेली, ४ केळ्यासारखी मऊ, सलग, ५ मऊ तुकडे, ६ लगद्यासारखी, ७ नुसतं पाणी. १ आणि २ म्हणजे मोठ्या आतड्यात जास्त वेळ थांबलेली, ६ आणि ७ म्हणजे घाईने निघालेली. 'संडास साफ होत नाही' ही तक्रार यातल्या कोणत्याही प्रकारात असू शकते, हे वही भरल्याशिवाय कळत नाही.

२० जानेवारी, सोमवार. सत्र १

दाखवण्यासाठी लांब पायमोजा आणि लिंबू. पायमोज्यात लिंबू घालायचं, त्याच्या मागे मुठीने आवळायचं, पुढचा भाग सैल ठेवायचा. लिंबू सरकतं. आतड्याचं रोजचं काम हेच: मागे आवळणं, पुढे सैल सोडणं. मग दुसऱ्या हाताने लिंबाच्या पुढेही आवळायचं. आता कितीही जोर लावला तरी लिंबू जागचं हलत नाही, पायमोजा मात्र ताणून पातळ होतो. मुरडा येतो पण होत काही नाही, ती अवस्था ही. शेवटी मागून-पुढून भराभर ढकलायचं: लिंबू धावत सुटतं, पायमोज्याला पाणी शोषून घ्यायला वेळच मिळत नाही. हे जुलाब. तिन्ही गोष्टी एकाच पायमोज्यात दिसतात आणि पायमोजा कुठे फाटलेला नसतो. 'रिपोर्ट नॉर्मल' याचा अर्थ इथे पटतो.

नायलॉनचा पायमोजा घ्यावा. सुती पायमोज्यात लिंबू अडकतं आणि पहिलीच कृती फसते.

यानंतर ताणाची साखळी. मेंदूतून सीआरएफ हे द्रव्य सुटतं. त्याने जठराचं रिकामं होणं मंदावतं आणि त्याच वेळी मोठ्या आतड्याची हालचाल वाढते. म्हणून एकाच माणसाला एकाच सकाळी 'अन्न वरच बसलंय' आणि 'पळत जावं लागतंय' असं दोन्ही होतं. ऐकणाऱ्याला हे परस्परविरोधी वाटतं, आणि डॉक्टरांना सांगताना तो यातलं एकच सांगतो. दोन्ही सांगायला हवं. वॉल्टर कॅनन यांनी १९ व्या शतकाच्या अखेरीस क्ष-किरणांखाली मांजराच्या जठराची हालचाल पाहिली होती. मांजर चिडलं की हालचाल थांबायची, शांत झालं की पुन्हा सुरू व्हायची.

उलट दिशाही सांगितली. मेंदू आणि पोट जोडणाऱ्या व्हेगस नसेतले सुमारे ८० टक्के तंतू पोटाकडून मेंदूकडे निरोप नेतात. म्हणजे पोट बिघडलं की चिडचिड, झोप न लागणं, धास्ती हे मागोमाग येतं. 'आधी ताण की आधी पोट' हा वाद सोडवण्यात वेळ घालवू नये. चक्र कुठूनही मोडता येतं.

अल्सरचा प्रश्न येणारच होता. जठराचा व्रण ताणाने होतो ही समजूत बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांच्या १९८२ च्या कामानंतर मागे पडली. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू आणि वेदनाशामक गोळ्या ही दोन मुख्य कारणं. या शोधाला २००५ चं नोबेल मिळालं. ताणाने जळजळ जास्त जाणवते हे खरं, पण व्रण असेल तर त्याला नेमके उपचार लागतात, श्वासाचे व्यायाम पुरत नाहीत.

२७ जानेवारी, सोमवार. सत्र २

श्वास. सतरंजीवर पाठीवर झोपून, गुडघे वाकवून, बेंबीच्या वर अर्धा किलो तांदळाची पिशवी. श्वास घेताना पिशवी वर, सोडताना खाली. छाती जवळजवळ स्थिर. नाकाने ४ सेकंद आत, ६ सेकंद बाहेर. मिनिटाला ६ श्वास होतात. पहिल्या आठवड्यात ५ मिनिटं दोनदा, नंतर १० मिनिटं दोनदा. झोपून जमलं की बसून, मग उभं राहून.

हे पोटाला कसं लागू पडतं ते मनगटावर दाखवता येतं. तीन बोटं नाडीवर ठेवून लांब श्वास सोडायचा: नाडी किंचित मंद होते, घेताना पुन्हा वाढते. श्वास सोडताना व्हेगसचा जोर वाढतो त्याची ही खूण. तरुणांना लगेच जाणवते. वय झालेल्यांना, जुना मधुमेह असणाऱ्यांना किंवा रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांना जाणवेलच असं नाही. त्यांना तसं आधीच सांगितलं, नाहीतर 'माझं काही होत नाही' म्हणून सोडून देतात.

चुका कोणत्या झाल्या: (१) 'दीर्घ श्वास' म्हटल्यावर माणसं छाती फुगवून भरपूर हवा घेतात. रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, चक्कर येते, ओठांना-बोटांना मुंग्या येतात, आणि धास्ती वाढते. सूचना बदलली: 'दीर्घ' शब्द बंद, 'सावकाश आणि थोडा' म्हणायचं. (२) काही जण पोटाचे स्नायू मुद्दाम फुगवतात, श्वास छातीतच राहतो. पिशवी हलते पण झटक्याने. अशा वेळी हात कडेच्या खालच्या बरगड्यांवर ठेवायला सांगावं, बरगड्या बाजूला सरकायला हव्यात. (३) कपालभाती येणारे जेवणानंतर लगेच तीच करतात. तिने पोटातला दाब झटक्याझटक्याने वाढतो, आम्ल वर येतं. ती सकाळी रिकाम्या पोटी.

जळजळ होणाऱ्यांनी हाच श्वास जेवणानंतर बसून करावा. अन्ननलिका जठराला मिळते तिथे श्वासपटलाचा पडदा तिला बाहेरून आवळून धरतो, तो स्नायू यात कामाला लागतो. आडवं होऊन करू नये.

सारखे ढेकर देणाऱ्यांसाठी वेगळी कृती. यातले पुष्कळ ढेकर जठरातून आलेले नसतात. हवा अन्ननलिकेत ओढून लगेच बाहेर टाकण्याची नकळत लागलेली सवय असते, आणि ताणात ती वाढते. बोलताना, झोपेत ढेकर थांबतात, ही तिची ओळख. तोंड थोडं उघडं, जिभेचं टोक वरच्या दातांमागे, आणि पोटाने सावकाश श्वास, ५ मिनिटं. या स्थितीत हवा आत ओढणं अवघड जातं. सोडा, जिऱ्याचं सरबत वगैरेंनी 'मोकळं वाटतं' ते ढेकरामुळे, आणि त्यातूनच सवय घट्ट होते.

३० जानेवारी, गुरुवार

वह्या चाळल्या. मोठी चूक आमच्याच आखणीत निघाली. माणसं रात्री एकदम सगळं पान भरतात. मग ज्या दिवशी पोट दुखलं, त्या दिवशीचा ताण आपोआप ८ किंवा ९ लिहिला जातो. आठवण दुखण्याने रंगते. अशा वहीवरून ताण आणि पोट यांचा संबंध काढणं म्हणजे उत्तर आधी लिहून गणित मांडणं.

दुरुस्ती: ताणाचा आकडा दिवसातून दोनदा, पोटाबद्दल काहीही लिहिण्याआधी. पहिला उठल्यावर चहाच्या आधी, दुसरा कामावरून निघताना. तो रकाना पानाच्या कडेला नेला. आकडा लिहून कड दुमडायची, म्हणजे दुखणं लिहिताना तो डोळ्यांसमोर राहत नाही. मोबाइलवर दोन गजर.

दुसरी दुरुस्ती: 'किती मिनिटांत खाल्लं' हा रकाना 'काय खाल्लं' च्या आधी आणला. तो मोकळा राहत होता, आणि आमच्या मते वहीतला सर्वांत कामाचा रकाना तोच आहे.

३ फेब्रुवारी, सोमवार. सत्र ३

पाळ्या. मोठं आतडं रात्री शांत असतं. उठल्यावर आणि जेवणानंतर त्यात जोराच्या, लांब पल्ल्याच्या लाटा येतात. सकाळच्या चहा-नाश्त्यानंतर येणारी हाक तीच. रात्रपाळीवाल्याची ही हाक नेमकी सुटीच्या वेळी, कंपनीच्या बसमध्ये येते. तो ती दाबतो. मलाशय सैलावून जागा करतं, हाक विरते, पाणी शोषलं जातं, आणि दोन दिवसांनी वहीत प्रकार १ दिसतो. तिसऱ्या दिवशी पोट साफ करणारी गोळी, चौथ्या दिवशी प्रकार ७. हा झोका पुष्कळ वह्यांत दिसतो. 'कधी बद्धकोष्ठ, कधी जुलाब' असं सांगितलं जातं त्यामागे निम्मी करणी गोळीची असते.

रात्रपाळीसाठी (११ ते ७) वेळापत्रक ठरवलं. मुख्य जेवण रात्री ८ च्या सुमारास, घरी, २० मिनिटं बसून. १ ते २ च्या दरम्यान हलकं: भाकरी-भाजीचा अर्धा डबा किंवा दहीभात. ३ नंतर चहा बंद, नाहीतर सकाळची झोप जाते आणि दुसऱ्या दिवशी दुखण्याची संवेदना वाढते. घरी आल्यावर थोडंसं खाऊन झोप. दुपारी उठल्यावर कोमट पाणी, काहीतरी खाणं, आणि त्यानंतर १५ ते ३० मिनिटांत संडासला बसणं, हाक आली असो वा नसो. १० मिनिटांपेक्षा जास्त नाही, मोबाइल बाहेर. आठवड्याला पाळी बदलते त्यांनी घड्याळ पाहू नये, 'उठल्यानंतर किती वेळाने' हे पाहावं.

दोन खाण्यांमध्ये मोकळा वेळही लागतो. पोट रिकामं असताना दर ९० ते १२० मिनिटांनी जठरापासून लहान आतड्याच्या टोकापर्यंत झाडलोट करणारी लाट जाते. तोंडात काही पडलं की ती थांबते. दर तासाला चहा-बिस्किट, मध्ये फरसाण, असं चालू राहिलं तर झाडलोट होतच नाही आणि पोट फुगतं. रिकाम्या पोटी होणारी गुडगुड ही त्याच लाटेची, तिला घाबरून खाऊ नये.

कमोडवर बसणाऱ्यांसाठी पायाखाली उंची. घरातला पाट कमी पडतो. न्हाणीतलं २० सेंटीमीटरच्या आसपासचं प्लास्टिकचं स्टूल बरोबर बसतं. गुडघे कमरेच्या वर, कोपरं मांड्यांवर. श्वास कोंडून जोर लावला की गुदद्वाराचे स्नायू उलट आवळले जातात. लिंबाच्या पुढे मूठ आवळण्यासारखंच ते. तोंड किंचित उघडं ठेवून 'हूं' करत श्वास सोडत जोर लावावा. महिनाभरात फरक पडला नाही, आणि बोट लावून काढावं लागत असेल, तर फिजिओथेरपिस्टकडे स्वतंत्र तपासणी.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

बारावीची परीक्षा ११ पासून, दहावीची २१ पासून. पालकांकडून विचारणा आल्या, म्हणून एक पान वेगळं काढलं.

पेपरच्या सकाळी दोन-तीनदा जावं लागणं हे बहुधा ताणाने चाळवलेलं मोठं आतडं. उठण्याची वेळ पेपरच्या किमान अडीच तास आधी ठेवावी, म्हणजे हाक घरीच येऊन जाते. नेहमीचाच नाश्ता, 'ताकद यावी' म्हणून त्याच दिवशी नवं काही नको. उपाशी पाठवू नये. चहा-कॉफी नेहमीपेक्षा जास्त नको, कॅफिनने मोठं आतडं आणखी हलतं. केंद्रात बसल्यावर ३ मिनिटं ४-६ चा श्वास. हा आधी १० दिवस सरावात असेल तरच त्या दिवशी उपयोगी पडतो.

जुलाब थांबवणारी गोळी स्वतःच्या मनाने देऊ नये. ताप किंवा शौचातून रक्त असेल तर मुळीच नाही. ओआरएस पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच करावं. १ लिटरचं पाकीट एका ग्लासात ओतलं तर मीठ-साखर जास्त होऊन जुलाब वाढतात. २०० मिलिलिटरची छोटी पाकिटंही मिळतात, तिथे उलट चूक होते.

१० फेब्रुवारी, सोमवार. सत्र ४

आहार मुद्दाम चौथ्या सत्रात ठेवला. पहिल्या दिवशी यादी दिली की माणूस एकेक पदार्थ सोडत जातो, शेवटी वरण-भात आणि धास्ती एवढंच उरतं. खाण्याची भीती हाही ताणच.

नाशिकमध्ये मिसळ सोडून आहारावर बोलता येत नाही, तेव्हा एक प्लेट समोर ठेवून तिची फोड केली. मटकीत गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकराइड असतात, ते आपल्या आतड्यात पचत नाहीत, मोठ्या आतड्यातले जिवाणू ते आंबवतात आणि वायू होतो. कच्चा कांदा आणि पावातला गहू यांत फ्रुक्टान, तेही तसंच. तर्रीतल्या तेलाने जठर उशिरा रिकामं होतं आणि मोठ्या आतड्याची जेवणानंतरची लाट जोरात येते. तिखटातलं कॅप्सायसिन आतड्यातल्या उष्णता-वेदनेच्या टोकांना थेट चेतवतं. ज्याची टोकं आधीच हळवी आहेत त्याला तेच तिखट दुखणं म्हणून जाणवतं. आणि ही प्लेट रात्रपाळी संपवून, झोप झालेली नसताना, आठ मिनिटांत, वर कडक चहा घेऊन खाल्ली जाते. वहीत मात्र 'मिसळ बाधली' एवढंच लिहिलेलं असतं.

म्हणून चाचणीचा क्रम. आधी तीच मिसळ सुटीच्या दिवशी, झोप झाल्यावर, २० मिनिटांत, चहाशिवाय. त्रास झाला नाही तर पदार्थ निर्दोष, वेळ आणि घाई दोषी. झाला तर तीन दिवस थांबून, तर्री अर्धी. मग कांदा वगळून. मग दोनऐवजी एक पाव. एका वेळी एकच बदल. दोन केले तर उत्तर मिळत नाही.

स्वयंपाकातल्या गोष्टी: कडधान्य रात्रभर भिजवून ते पाणी फेकावं, मोड येऊ द्यावेत, कुकरला पूर्ण शिजवावं, वायू करणारी द्रव्यं बरीच कमी होतात. फ्रुक्टान पाण्यात उतरतं, तेलात नाही. म्हणून फोडणीत अख्ख्या लसणाच्या पाकळ्या परतून काढून टाकल्या तर वास राहतो, त्रास टळतो. रश्श्यात शिजवलेला कांदा मागून काढून मात्र काही साधत नाही. बाजारातल्या बांधानी हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं. चिमटीने वापरणाऱ्याला चालतं, ग्लुटेनचा आजार असणाऱ्याला नाही. पोळीऐवजी ज्वारीची भाकरी दोन आठवडे करून पाहणं सोपं आणि स्वस्त.

कमी-फॉडमॅप आहार (लहान आतड्यात नीट न पचता पुढे आंबणारी, वर सांगितलेल्यासारखी द्रव्यं कमी केलेला) फक्त आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली, ४ ते ६ आठवडे, आणि त्यानंतर एकेक पदार्थ परत आणणं बंधनकारक. कायमचा करू नये. आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंचंही खाणं त्याने तुटतं.

१७ फेब्रुवारी, सोमवार. सत्र ५

औषधं. सत्राला प्रत्येकाने घरातल्या गोळ्यांची पिशवी आणायची होती. पिशव्यांतून निघालं ते अपेक्षित: डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅक या वेदनाशामक गोळ्या, 'गॅसची गोळी', पोट साफ करणारी चूर्णं.

पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल या आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या जळजळ झाल्यावर घ्यायच्या नसतात. जेवणाने आम्लाचे पंप चालू होतात, त्याच्या आधी गोळी रक्तात पोचायला हवी. म्हणून नाश्त्याआधी ३० मिनिटं. जेवण करून, जळजळ सुरू झाल्यावर घेतली तर उपयोग कमी होतो, आणि मग डोस वाढवला जातो.

इसबगोल: १ सपाट चहाचा चमचा भुशीपासून सुरुवात, पूर्ण ग्लासभर (२०० ते २५० मिलिलिटर) पाण्यात, कालवल्याबरोबर प्यायचं, वर आणखी पाणी. दर आठवड्याला एक चमचा वाढ. कोरडी फाकी मारून वर दोन घोट पाणी, ही नेहमीची चूक. ती घशात किंवा आतड्यात फुगून अडकू शकते. गिळायला त्रास असणाऱ्याने घेऊ नये. थायरॉइडची आणि इतर औषधं दोन तासांच्या अंतराने. गव्हाच्या कोंड्याने मात्र हळव्या आतड्यात दुखणं आणि फुगणं वाढू शकतं. 'फायबर' म्हणून दोन्ही एकच समजू नये.

कमी डोसातलं अमिट्रिप्टिलीन, बहुधा रात्री १० मिलिग्रॅम, डॉक्टर देतात तेव्हा माणूस घरी जाऊन नाव शोधतो, 'डिप्रेशन' वाचतो आणि पट्टी फेकून देतो. त्याच्या मते डॉक्टरांनी त्याला खोटं ठरवलेलं असतं. ही गोळी लिहितानाच सांगायला हवं: हा डोस नैराश्याच्या डोसाच्या कितीतरी खाली आहे, पोटातून मेंदूकडे जाणाऱ्या वेदनेचा आवाज कमी करण्यासाठी आहे, फरक कळायला ३ ते ४ आठवडे लागतात, तोंड कोरडं पडेल, सकाळी थोडी गुंगी राहील. बद्धकोष्ठ वाढवते, म्हणून जुलाबवाल्यांना जास्त मानवते. काचबिंदू, प्रोस्टेट, हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असेल तर आधी सांगणं आवश्यक. मशीनवर काम करणाऱ्यांनी ही गोळी रात्रपाळीच्या आठवड्यात कधी घ्यायची, ते डॉक्टरांशी ठरवूनच.

२४ फेब्रुवारी, सोमवार. सत्र ६

परवा महाशिवरात्र, त्र्यंबकला जाणारे बरेच. शेवटच्या सत्राची पहिली २० मिनिटं उपवासाला दिली. त्रास उपाशी राहण्याने कमी, आणि रिकाम्या पोटी चार चहा, मग एकदम साबुदाण्याची खिचडी, तळलेले पापड, शेंगदाण्याची आमटी यांनी जास्त होतो. साबुदाणा म्हणजे नुसतं स्टार्च. तूप-दाणे त्यावर चढले की जठर तासन्‌तास भरलेलं राहतं. भगर, दही किंवा ताक, उकडलेलं रताळं थोडं, पाणी वेळेवर, आणि खिचडी अर्धी वाटी. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपवास डॉक्टरांना विचारूनच.

उरलेल्या वेळात प्रत्येकाने स्वतःच्या वहीतून आपली साखळी एका ओळीत लिहिली. नमुना: 'पाळी बदलली, झोप ५ तास, डबा ७ मिनिटांत, संध्याकाळी दुखणं'. ओळीत पदार्थाचं नाव नसेल तरी चालेल, वेळ असायलाच हवी.

३ मार्च, सोमवार

वहीच्या दुसऱ्या छपाईसाठी बदल. पान आडवं, उभ्या पानात दुमडायची कड शर्टाच्या खिशात फाटते. वेळेचा रकाना २४ तासांचा, कारण रात्रपाळीवाले '२' लिहितात तेव्हा दुपार की रात्र ते कळत नाही. 'पित्त' आणि 'गॅस' च्या चौकटी आता रोजच्या पानावरही. धोक्याची लक्षणं मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला, मोठ्या अक्षरांत. वजनासाठी दर सोमवारी एक ओळ. शाईचं पेन तेल लागलेल्या हाताने चालत नाही, वहीला दोऱ्याने पेन्सिल बांधायची.

पुढची तुकडी द्राक्षपट्ट्यातली, निफाड आणि दिंडोरी. काढणी उरकून एप्रिल छाटणी संपल्यावरच सत्रं ठेवायची. तिथे पाळ्यांचा रकाना निरुपयोगी. त्याजागी 'आज फवारणी केली का' हा रकाना हवा. कीटकनाशकाच्या विषबाधेतही मळमळ, मुरडा, जुलाब, लाळ सुटणं होतं. फवारणीच्या दिवशी असं झालं तर ते ताणाच्या खात्यात टाकायचं नाही, औषधाचा डबा किंवा त्यावरची चिठ्ठी सोबत घेऊन थेट दवाखाना.